मेव्हण्याने बसवलेला क्लच

माझा मेव्हणा मोटारींचा मिस्त्री आहे आणि त्याच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही, असं तो स्वतः सांगतो. दुसऱ्या कोणी सांगितल्याचं माझ्या कानावर नाही. त्याने दुरुस्त केलेली गाडी पुन्हा बिघडली, तर एक तर रस्ता खराब असतो, नाहीतर पेट्रोल भेसळीचं असतं, नाहीतर गाडीवाल्याला अक्कल नसते. तेवीस वर्षं तो या तिघांवर खापर फोडतो आहे आणि गिऱ्हाइकं मान डोलावत आहेत.

कामात कुचराई मात्र नाही, हे कबूल केलं पाहिजे. बोल्ट आवळताना तर तो दातओठ खातो. ढिलं काम ही त्याच्या लेखी शिवी. त्याने बंद केलेला नळ माझ्या सासूबाई पान्याने उघडायच्या.

माझी बायको गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणसं क्लचवरचा पाय उचलतच नाहीत, त्यामुळे दर दोन वर्षांनी क्लच बदलावा लागतो. या खेपेला तो तिच्या दादानेच बदलला. गाडी घरी आली ती थरथरतच. चौकात उभी राहिली की आरसा, सीट, स्टिअरिंग, सगळं थंडी भरल्यासारखं हलायचं.

मेव्हण्याने एक चक्कर मारून निदान केलं, चाकांचं बॅलन्सिंग गेलंय. बॅलन्सिंग झालं, थरथर तशीच. मग प्लग बदलले. थरथरीने तेही मनावर घेतलं नाही. तिसऱ्यांदा बायको गाडी घेऊन गेली, तेव्हा स्टिअरिंगवर तिच्याकडे शिकणाऱ्या नर्सबाई होत्या आणि मागे मी.

नर्सबाई पन्नाशीच्या. त्यांच्या इस्पितळाने फिरता दवाखाना काढला होता आणि व्हॅन स्वतः चालवणाऱ्या नर्सला ती जागा मिळणार होती. लायसन्स नाही मिळालं तर उरलेली नोकरी वॉर्डाचे जिने चढण्यात जाणार. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

मेव्हण्याने खिडकीतून डोकं आत घातलं. "बाई, गाडी नाही थरथरत. तुमचा पाय लटपटतोय. वयाने होतं असं."

बायकोने तिथेच त्याला झापायला हवं होतं. पण थोरला भाऊ पडला, ती गप्प बसली. मीही मागच्या सीटवर मूग गिळून होतो, आणि त्याची मला अजून लाज वाटते. त्या दिवसापासून नर्सबाई क्लच दाबण्याआधी पायाकडे बघायच्या. पाहिलं की घाबरायच्या, घाबरल्या की गाडी बंद पडायची.

परीक्षेच्या सकाळी बायकोने गाडी शेवटची एकदा दाखवावी म्हणून गॅरेजसमोर उभी केली. मी मागच्या सीटवर होतोच. नर्सबाई चालकाच्या सीटवर बसल्या आणि इंजिन सुरू करून तशाच थांबल्या. मग दार उघडून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले.

"मी नाही देत परीक्षा," त्या म्हणाल्या. "व्हॅनमध्ये पेशंट असतील. माझ्या पायाचा भरवसा नाही."

बायकोने त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग आरशाकडे. गाडी न्यूट्रलला होती, हँडब्रेक ओढलेला होता, आणि आरसा हलत होता.

"बाई, उतरा. अहो, तुम्हीपण उतरा."

आम्ही सगळे रस्त्यावर आलो, मेव्हणाही गॅरेजमधून बाहेर आला. रिकामी गाडी एकटीच थरथरत उभी राहिली.

"दादा, आता सांग. कोणाचा पाय?"

मेव्हणा सवयीने चाकांकडे बघू लागला.

"उभ्या गाडीची चाकं फिरत नाहीत," मी म्हणालो. लग्न झाल्यापासून मी त्याच्यासमोर बोललेलं हे पहिलं पुरं वाक्य.

तो मुकाट्याने गाडीखाली शिरला. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यासाठी इंजिनाच्या रबरी बैठका सोडाव्या लागतात. परत जोडताना इंजिन आधी त्यांच्यावर नीट बसू द्यायचं, मग बोल्ट आवळायचे. आमच्या पठ्ठ्याने ते तिरकं असतानाच जीव खाऊन आवळले होते. त्यामुळे रबर पिळलं गेलं आणि इंजिनाचा प्रत्येक हादरा गाडीत येऊ लागला. बोल्ट सैल केले, इंजिन जरा हलवून बसू दिलं, पुन्हा बेताने आवळले. दहा मिनिटं लागली. आरसा शांत झाला.

नर्सबाईंनी गल्लीत एक फेरी मारली. गाडी एकदाही बंद पडली नाही. उतरून त्या मेव्हण्यासमोर उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, तीन आठवडे मी पायासाठी गोळ्या घेतेय. नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. मुलाला सांगितलं नाही."

मेव्हणा फडक्याने हात पुसत होता. "मग आला ना गुण," तो म्हणाला.

गॅरेजमधली दोन गिऱ्हाइकं हसायच्या बेतात होती, पण नर्सबाईंचा चेहरा बघून थांबली.

"माझा पाय लटपटत नव्हता. एवढं म्हणा."

"गाडीतच जरासं होतं म्हणा..."

"मी पायाचं विचारलं."

तो बहिणीकडे बघू लागला, ती त्याच्याकडे बघेना. माझ्याकडे बघण्यात अर्थ नव्हता.

"नव्हता," तो म्हणाला.

"त्यांना ऐकू आलं नाही," गिऱ्हाइकांकडे बोट करून नर्सबाई म्हणाल्या.

"नव्हता लटपटत तुमचा पाय."

त्या गाडीत बसल्या आणि परीक्षेला गेल्या. पास झाल्या. त्या बाईंना लायसन्स आपल्यामुळे मिळालं, असं मेव्हणा आता गिऱ्हाइकांना सांगतो. मी समोर असलो तर नाही सांगत.