डब्याच्या झाकणातला लाल रंग

मुलगी सरकारी नोकरीच्या परीक्षेच्या अभ्यासाला धुळ्याला राहायला गेली, त्या दिवसापासून मी डब्याची वही ठेवते. डाव्या पानावर काय पाठवलं, उजव्या पानावर काय परत आलं. अमळनेरहून सकाळी सुटणाऱ्या एसटीत डबा ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवायचा. धुळ्याच्या स्टँडवर ती तो उतरवून घेते आणि आदल्या दिवशीचा रिकामा डबा त्याच गाडीत ठेवते. आमच्याकडच्या कितीतरी मुलामुलींचं शिक्षण असंच झालंय. सीटमागे पाच-सहा डबे असतात आणि प्रत्येकाच्या कडीला वेगळ्या रंगाची चिंधी असते. आमची पिवळी.

मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे. याद्या करणं हे माझं काम, आणि घरीही ती सवय सुटत नाही. त्यामुळे मागच्या हिवाळ्यात डब्याच्या झाकणाच्या खाचेत लाल रंग दिसला, तेव्हा मी तो धुण्याआधी वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी परत लाल रंग. तिसऱ्या दिवशी पोळीच्या फडक्यावर पाच बोटं.

त्याच सुमाराला तिच्या चिठ्ठ्यांमधल्या मागण्या बदलल्या होत्या. एरवी ती लोणचं मागायची, ठेचा मागायची. आता मागितलं ते असं: बाबांचे जुने पांढरे शर्ट, असतील तेवढे. गुळाचा घट्ट पाक. जुनी चादर, फाटकी चालेल. मी या तीन गोष्टी एकाखाली एक लिहून बराच वेळ बघत बसले. यातून काय होऊ शकतं, काही केल्या कळेना. पाक आणि शर्ट यांचा मेळ कशातच बसत नव्हता.

मी बसच्या कंडक्टरला गाठलं. रोजची ओळख.

"पोरगी रोज येस ना डबा घ्यायले," तो म्हणाला. "पन मंगळवारी तिना हात कोपरापर्यंत लाल व्हतात. मी इचारं, ताई, काय झायं? ती म्हने, भाऊ, खून. आनि हासत गयी."

मिस्टरांना सांगितलं. त्यांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. हाताला ग्रीस आणि कोणत्याही गोष्टीला एकच उत्तर. "पोरगी मोठी शे. तिलेच इचारी ले."

ते मला जमत नाही. मला शोधून काढणं जमतं.

आता इथे तिच्या परीक्षेचं सांगायला हवं. सहा वर्षांत ती एकदाच काठावर पोचली होती. प्रतीक्षा यादीत अकरावी. पुढे दहा जण. पुढच्यापैकी कुणी नोकरी नाकारली की यादी सरकते, म्हणून मी रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, "तुना पुढे कितला शेतस?" तुझ्यापुढे किती आहेत. माझं माहेर असोद्याचं, तिथली बोली वेगळी. ही अहिराणी मी लग्नानंतर अमळनेरला उचलली. अजूनही माझे हेल चुकतात आणि सासरची माणसं हसतात. ती सांगायची, "दहा." महिन्याभराने, "आठ." मग मुदत संपली आणि यादीच रद्द झाली. तरी माझा प्रश्न राहिला. अभ्यासिकेत दर आठवड्याला सराव परीक्षा होते, तिथेही क्रमांक लागतो, तिथेही कुणीतरी पुढे असतंच. ते वर्ष वयोमर्यादेत बसणारं तिचं शेवटचं. फॉर्मची शेवटची तारीख शनिवार होती, आणि ती माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली होती.

त्या आठवड्यात बुधवारी रजा टाकून मी डब्यासोबत स्वतःच धुळ्याला गेले.

अभ्यासिकेत ती नव्हती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने पुस्तकातून डोकं न काढता सांगितलं, "ती गादीवाल्यांच्या गच्चीवर असेल. आज पाचवा खून आहे."

गादीवाले म्हणजे तिच्यासोबत अभ्यास करणाऱ्या एका मुलाचे वडील. त्यांचा गाद्या भरण्याचा कारखाना अभ्यासिकेच्या मागच्या गल्लीत आहे. खाली ते कापूस पिंजत होते. पांढऱ्या दाढीत कापूस अडकलेला. त्यांनी मला पाहिलं, कडीची पिवळी चिंधी पाहिली आणि जिन्याकडे हात केला. "जाओ बहनजी, सब मरे पड़े हैं ऊपर."

गच्चीवर गाद्यांवर चार मुलं आडवी पडलेली. सगळ्यांच्या अंगात आमच्या मिस्टरांचे शर्ट आणि सगळे शर्ट लाल. माझी मुलगी गुडघ्यावर बसून पाचव्याच्या मानेवर वाटीतून लाल केलेला गुळाचा पाक ओतत होती. एक जण काठीला बांधलेला मोबाईल धरून उभा.

"आई, तू?"

"डबा आणलाय."

पाचव्या प्रेताने एक डोळा उघडला. "मावशी, ठेचा तुमचाच असतो ना? मेलो तरी जिभेवरून जात नाही."

"मेलेल्यांनी बोलायचं नाही," मुलगी म्हणाली.

"मग मेलेल्यांना जेवायला तरी द्या. सकाळी नऊपासून मेलोय."

सिनेमा होता. सगळे परीक्षेचेच उमेदवार; लिहिलेला माझ्या मुलीने, नायिकाही तीच. गोष्ट त्यांनीच जेवता जेवता सांगितली. प्रतीक्षा यादीतली एक मुलगी आपल्या पुढच्या दहा जणांना एकेक करून मारते. मारण्याआधी प्रत्येकाला सामान्यज्ञानाचा एक प्रश्न विचारते, आणि तो मरता मरता बरोबर उत्तर देतो. एकाला चालू घडामोडींच्या जाड पुस्तकाने, एकाला झेरॉक्सच्या गठ्ठ्याखाली गाडून, एकाला चहाच्या पातेल्यात बुडवून. मी विचारलं, "पातेल्यात कसं मावतं?" त्यावर गादीवाल्यांचा मुलगा म्हणाला, "डोकंच बुडवायचं, मावशी. आमच्यात भरलंय ते सगळं डोक्यातच आहे."

मला राग यायला हवा होता. पण आधी मला दिसलं की दुसऱ्या प्रेताच्या शर्टावर मला मोबाईलवर दाखवलेल्या सकाळच्या चित्रीकरणात डाग डाव्या बाजूला होता आणि आता उजव्या बाजूला. परत लावून खात्री केली. सांगितलं. सगळे डोक्याला हात लावून बसले. कुणाचा डाग कुठे, कोण कितव्या नंबरवर मेला, कोणता शर्ट कुणाचा, हे लिहून ठेवणारं कुणीच नव्हतं. मी वहीचं मागचं पान उघडलं. आणि त्यांचं वाळलेलं रक्त सरबतासारखं दिसत होतं, त्यावरही उपाय सांगितला. केळीचा चीक. असोद्याला सगळ्या केळीच्याच बागा, तिथल्या कुठल्याही पोराला माहीत असतं. ओला असताना पाण्यासारखा, वाळला की तपकिरी काळा, आणि कपड्यावरून जन्मात जात नाही. लहानपणी त्यापायी मी मार खाल्लाय.

दुपारी फोनचा प्रसंग होता. प्रत्येक खुनानंतर नायिकेच्या आईचा फोन येतो. आईचा आवाज मोबाईल धरणारा मुलगा काढत होता, गळा दाबून, बारीक.

"तुना पुढे कितला शेतस, बेटा?"

"पाच," नायिका म्हणाली. ती हात पुसत होती.

"बरं. जेवून घे."

हेल माझे होते. जिथे माझे चुकतात, तिथेच चुकवलेले. सगळे हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"ही आई पुढे काय विचारते?" मी म्हणाले. मला खरंच कळून घ्यायचं होतं.

"काही नाही. बरं म्हणते."

"आकडा कमी कसा झाला, ते?"

"नाही विचारत."

"एकदाही?"

"दहा खून होतात, आई. एकदाही नाही."

मला यावर काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "शनिवार शेवटचा आहे. फॉर्म भरलास?"

पाचवं प्रेत उठून जिना उतरून खाली गेलं. त्याच्यामागे बाकीचे.

"भरीन," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी वही काढली. डब्याच्या नोंदींखाली मी फोनचीही नोंद ठेवायचे. तारीख आणि पुढे एक आकडा. दहा. दहा. आठ. सराव परीक्षांचे सतरा, नऊ, बावीस. मी सहा वर्षांची पानं चाळली. आकड्याशेजारी एकही शब्द नव्हता. ती आजारी होती तो आठवडाही मला आठवत होता, पण वहीत त्या आठवड्यात फक्त चौदा, चौदा, सोळा.

शुक्रवारी डब्यात चिठ्ठी ठेवली. "तुला फॉर्म भरायचा आहे का?" फोन केला नाही. फोनवर मी परत आकडाच विचारला असता.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. सुटल्यावर स्टँडवर जाऊन उभी राहिले. रिकामा डबा आला. तिची चिठ्ठी फडक्यात होती.

"नाही. रागावू नकोस. पाक जास्त पाठव, तिघांना मारायचं राहिलंय."

मी डबा घेऊन घरी गेले नाही. परत शाळेत गेले आणि कार्यालयाचं कुलूप उघडलं. तिचे सगळे फॉर्म मीच भरत आले होते. तिचा फोटो, सही, दाखले, सगळं माझ्या संगणकावर. पासवर्डही मीच ठरवलेला. परीक्षेच्या दिवसापर्यंत तिचं मन बदलेल, निदान दार उघडं राहील, असा माझा हिशेब. ती माझी मुलगी. हट्ट फार तर चार महिने टिकतो, मला माहीत आहे. एकेक पान भरत गेले. माझा हात या कामात बसलेला आहे, वीस मिनिटांत शेवटच्या पानावर पोचले.

शेवटच्या पानावर एक चौकोन असतो. वरील माहिती मी स्वतः भरली असून ती माझ्या इच्छेने सादर करत आहे. त्यात खूण केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. आधीच्या सहाही वर्षी मी त्यात खूण केली होती, न वाचता. मी शाळेत रोज मुलांकडून अशा चौकोनांवर सह्या घेते आणि रोज सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका.

शिपाई दोनदा डोकावून गेला. तिचा फोटो पडद्यावर होता, चार वर्षांपूर्वीचा, त्यात ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मग मी खिडकी बंद केली, संगणक बंद केला आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल तारखेपुढे लिहिलं: नाही भरायचा. घरी येऊन दोन किलो गूळ विरघळायला ठेवला.

मिस्टर स्वयंपाकघराच्या दारात आले. "काय करी ऱ्हायनी?"

"रक्त."

त्यांनी पातेल्यात बोट घालून चाटलं. "गोड शे," म्हणाले आणि गेले. फॉर्मचं मी त्यांना रात्री जेवताना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, मुलीशी महिनाभर.

सिनेमा संपत आला तेव्हा तिचा निरोप आला. त्या मुलाच्या आवाजात आई खरी वाटत नाही, तू बोलशील का. रविवारी गेले. कारखान्यात दोन गाद्या उभ्या करून मध्ये मला बसवलं, म्हणजे बाहेरचा आवाज येत नाही. कागद हातात दिला. कागदावर माझंच बोलणं. दहा वेळा तोच प्रश्न, दहा वेळा बरं, जेवून घे. मी नऊ वेळा नीट म्हटलं. गादीवाले चाचा दारात उभे राहून ऐकत होते.

दहाव्या वेळेला मुलगी समोरून नायिकेचं वाक्य बोलली, "आई, आता पुढे कुणीच नाही."

कागदावर लिहिलं होतं, बरं, जेवून घे. ते मला म्हणता येईना. पुढे कुणीच नाही म्हणजे काय? दहा माणसं होती. माझ्या तोंडून निघालं, "मंग बाकीना कथा ग्यात?"

मग बाकीचे कुठे गेले?

मुलीच्या कागदावर याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. मोबाईल चालूच होता. मी म्हणाले, "चुकलं. परत घेऊ."

"नको," ती म्हणाली.

सिनेमा तिथेच संपतो. अंधार, माझा प्रश्न, आणि तिचं श्वास घेणं. थिएटरात तो कधी लागला नाही, लागणारही नाही. पण धुळ्यापासून पाचोऱ्यापर्यंत अभ्यासिकांमध्ये तो मोबाईलवरून मोबाईलवर फिरतो. कितींनी पाहिला, याची मात्र माझ्याकडे नोंद नाही. परवा पाचोऱ्याच्या स्टेशनावर दोन मुलं बाकावर पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती. एकाने दुसऱ्याला विचारलं, "तुना पुढे कितला शेतस?" दुसऱ्याने मानेवरून बोट फिरवलं. "कोनीच नही." मग दोघं एकदम, माझ्या हेलात, "मंग बाकीना कथा ग्यात?" आणि हसत सुटली.

मुलगी आता धुळ्यातच लग्नाच्या व्हिडिओंचं संपादन करते आणि नवीन काहीतरी लिहितेय. काय, ते सांगत नाही. डबा अजून जातो. संध्याकाळी फोनवर मी काय विचारायचं, हे अजून नीट बसलेलं नाही. काल तीच म्हणाली, "आई, केळीचा चीक काढायचा असेल तर कधी काढायचा? सकाळी की दुपारी?"

मी सांगितलं, सकाळी. आणि मग विचारलं, "कशाला हवाय?"

तिने सांगायला सुरुवात केली. बरंच लांबलं. वही जवळ होती, पण लिहायचं राहून गेलं.