केक खाणाऱ्या नेमबाज बाई

घरात हत्यार नको म्हणून मी पत्रकं वाटते. आणि माझाच दादा, जर्मनीतल्या हॅनोव्हरमधलं त्याचं घर फोडलं गेल्यावर, नेमबाजीच्या क्लबात "घरासाठी कुठलं पिस्तूल चांगलं?" असं विचारायला निघाला! भांडायला मीही गेले.

तिथे हिरव्या जाकिटातल्या सत्तरीच्या बाई होत्या. पिस्तूल खाली ठेवताना त्या दर वेळी गोळ्या काढून नळी भिंतीकडे वळवत, मगच केकचा घास घेत.

"घरी कोण असतं?" दादाचा प्रश्न ऐकून त्यांनी विचारलं.

"बायको आणि चार वर्षांची मुलगी."

"अंधारात पावलं वाजली, तू गोळी झाडलीस. पाणी प्यायला उठलेली मुलगी असली तर?"

दादा पिस्तुलापासून एक पाऊल मागे सरकला. बाई पुढे म्हणाल्या,

"घराच्या राखणीसाठी इथे साध्या माणसाला परवानाच मिळत नाही. माझं पिस्तूल तिजोरीत असतं. चोर आला तर मी खोलीला कडी लावून पोलिसांना फोन करणार."

"मग ठेवता कशाला?" मी तडकले.

"अगं, नेम लागला की काय मजा येते! पण घाबरलेल्या माणसाने बंदूक निवडूच नये."

खदखदून हसत त्यांनी दादाला छऱ्याची बंदूक दिली. पहिलाच छर्रा ठिपक्यात! दादाने उडी मारली आणि मीही, तत्त्व-बित्त्व विसरून, टाळ्या पिटल्या. माझ्या पत्रकांना जे जमलं नव्हतं, ते बाईंनी केक खाता खाता केलं होतं.

बाहेर येऊन दादाने वहिनीला फोन लावला. "अगं, पिस्तूल नको, दाराला चांगलं कुलूप बसवू. पण शनिवारी इथे खेळायला येऊ का?"

"खुशाल जा," वहिनी म्हणाली, "आणि मलाही ने. माझा नेम तुझ्यापेक्षा बरा आहे."