फोनले 'काहून' शिकवला

थांबा, आधी हे सांगू द्या, नाईत मायं पोट फुटन. आत्ताच, मी कनीक भिजवून राह्यली होती, अन् आई बाहेरच्या खोलीतून ओरडली, "ये वं, लवकर ये, यानं लिहिलं!" कनकीच्या हातानंच पयाली मी. मले वाटलं काई तुटलं-फुटलं. पाह्यते त आई फोन छातीशी धरून हासून राह्यली. फोन जिथं आपल्याले शब्द सुचवते ना, त्या पट्टीवर मधातच आलं होतं: काहून.

बस, एवढंच. पन हे एवढं मोठं काहून, ते समजाले मागची गोठ सांगा लागते.

आमी कामरगावचे. मी कारंज्याले बी.सी.ए. करते, रोज जीपनं जाते. आई घरी ब्लाउज शिवते, अन् मागच्या वर्षीपासून घरबसल्या बी.ए. करून राह्यली. बारावी झाली अन् तिचं लगन झालं, मंग मी झाली, मंग मशीन आली, शिक्षन राहून गेलं. मायं ॲडमिशन कराले आमी गेलो तवा तिनं खिडकीतल्या मॅडमले विचारलं, "माया वयाच्या बाईले घेतात का कुठी?" मले वाटलं मजाक करून राह्यली. नोती करत.

तिचे क्लास रविवारी फोनवर राह्यतात. समाजशास्त्राचे सर वाशिमचे, रिटायर व्हाले आलेले. स्क्रीन दाखवाची वेळ आली का मागून त्यायच्या पोरीचा आवाज येते, "बाबा, ते नाही, खालचं बटन." सर म्हन्तात, "हो हो, दिसतंय ना सगळ्यांना?" अन् सगयायले दिसते त्यायच्या घरचा पंखा. आईले सर त्याच्यासाठीच आवडत. "त्यायलेबी येत नाई," ती लय खुशीनं सांगे.

पन ती स्वता क्लासात कधीच बोले नाई. माइक बंद म्हंजे बंद. "मायी भाषा खेड्याची हाये. थ्या पोरी पाह्य कशा फाडफाड बोलतात." अन् पयल्याच दिवशी तिनं मले दातात दोरा धरून सांगून ठेवलं होतं, "पाह्य, मी शिकीन. पन क्लासात कोनी मायावर हासलं ना, त त्याच दिवशी सोडून देईन. या वयात हासून घ्याले नाई शिकून राह्यली मी."

मंग आला लेख. सरायनं सांगतलं, आपल्या गावात झालेला एक बदल लिहा, टाइप करा अन् धाडा. आता आईचं बोट एक-एक अक्षर हुडकते. 'क्ष' सापडेलोक चहा थंडा. मी म्हनलं, आन इकडं, मी फटफट करून देते.

"काहून? परीक्षाबी तूच देशीन का?"

मंग मी तिले माइकचं चित्र दाखवलं. इथं बोट ठेव, बोल, तो लिहिते. बाप्पा! आई त हरखूनच गेली. मशीन बंद केली, मांडी घातली, अन् शेजारनीले सांगते तशी फोनले गावच्या चक्कीची गोठ सांगू लागली. मी कॉलेजले निघून गेली. वापस आली त ती दारातच उभी. "धाडला! म्या स्वता धाडला!"

"वाचून पाह्यला का?"

"वाचाचं काय त्याच्यात? मीच त बोलली. एवढा शिकलेला फोन, तो चुकीचं लिहीन का?"

रविवारी सर लेखायवर बोलून राह्यले होते. मीबी आईच्या बाजूले बसून काजं करत होती. सर म्हने, "एक लेख आलाय, नाव घेत नाही. विषय पिठाच्या चक्कीचा आहे, पण जागोजागी कायदा येतोय. मला तो नीट कळला नाही. आणि मध्येच 'मुले वाटते', मध्येच 'प्याले सांगितलं'..."

कोनाचा तरी माइक चालू होता. त्याच्यातून खी-खी हासनं आलं.

आईचं तोंडच उतरलं. तिनं फोनवर कापड टाकून देलं. आईचा मेल माया फोनमंदीबी हाये, थितं मी तिचा लेख उघडला. आई बोलली होती 'मले वाटते', फोननं लिहिलं 'मुले वाटते'. 'त्याले'चे झाले 'प्याले'. अन् तिचा काहून, जो ती दर दुसऱ्या वाक्यात म्हन्ते, त्या सगयायचं यानं 'कानून' करून टाकलं. *बाया आता कानून भेटत नाहीत?*

"आई, तुया लेखात निसते पोलीस याचे राह्यले."

तिनं मायाकडं असं पाह्यलं का मी फोन बाजूले ठेवला.

"सांगतलं होतं ना तुले," ती हयू म्हने. "झालं मायं शिक्षन. कैची दे."

कापडाखालून सरायचा आवाज येऊनच राह्यला होता. "ज्या ताईंचा लेख आहे त्यांनाच विचारतो. मला खरंच जाणून घ्यायचं आहे. नाही बोलल्या तरी चालेल."

मागून पोरगी म्हने, "बाबा, तुमचा माइक बंद झाला का?"

"नाही गं. मी वाट पाहतोय."

आईनं कापड बाजूले केलं. बोट क्लास सोडाच्या लाल चिन्हाकडं गेलं. मले वाटलं, संपलं आता. बोट थितंच थांबलं, थांबलं, अन् सरकून माइकवर आलं.

"सर, थे कानून नाई. थे काहून हाये."

"काय?"

"काहून. म्हंजे... का. कशासाठी. मी बोलून लिहिलं, त फोनले आमचं बोलनं समजलं नाई."

"म्हणजे 'बाया आता काहून भेटत नाहीत'? अहो ताई! मी तर वाचत होतो, बाया आता कानून भेटत नाहीत. मला वाटलं, बायांना न्याय मिळत नाही असं म्हणताय."

"तेबी खरंच हाये, सर."

अन् मंग जे हासले सगये! सर, त्यायची मागची पोरगी, क्लास, अन् सगयात जोरात मायी आई. मले त रडूच आलं, खरं सांगते.

सर म्हने, "माझी आई 'काहून'च म्हणायची. काहून रे जेवला नाहीस? काहून रे उशीर झाला? मी शिकवायला लागलो आणि तो शब्द तोंडातून गेलाच." मंग आईले म्हने, "समाजशास्त्राला तरी दुसरं काय विचारायचं असतं? सांगा ताई. काहून भेटत नाहीत बाया?"

आईनं सांगतलं. पयले चक्कीवर डबे घेऊन बाया लाइनीत बसत. लाइट गेली का अजून बसत. कोनाची पोरगी पाहाले आले, कोनाले दिवस गेले, कोन माहेरी निंगून गेली, सगयं तिथंच समजे. आता घरोघरी घरघंटी आली, म्हंजे घरातच पीठ दयाची लहान मशीन. पीठ लवकर निंगते, पन शेजारीन बिमार हाये हे आठ दिवसानं समजते. मानोऱ्याकडच्या एका बाईनं माइक उघडला, "आमच्याइकडं तसंच हाये वं बाई." मंग अजून एकीनं उघडला. सरायचं पुस्तक त्या दिवशी मिटलेलंच राह्यलं.

आखरीले सर म्हने, "लेख दुरुस्त करून पुन्हा पाठवा. आणि फोनने लिहिलेलं आपण वाचायचंच, ताई. मीही आता तेच शिकतोय."

तवापासून आई चष्मा लावून बसते. बोलते, मंग मोठ्यानं वाचते, मंग फोनसंग भांडते, "मुले नाई रे बावा, मले!" बाकी लेख तिनं पुस्तकी भाषेत केला, पन काहून नाई बदलला. मंग पुढच्या दर लेखातबी तो स्वताच्या बोटानं टाइप केला. क, काना, ह... पुरं वर्षभर.

अन् आज, दुसऱ्या वर्षाचा पयला लेख लिहून राह्यली होती, तिनं निसतं 'का' दाबलं, अन् बाकीचं त्यानंच पुरं केलं.

मी म्हनलं, "पाह्य, शेवटी शिकला!"

आईनं फोनवरची कनीक पदरानं पुसली, मायाच हाताची लागली होती. म्हने, "शिकनच ना. चुकला तवा कोनी त्याच्यावर हासून घरी बसवलं का त्याले?"

आता तुमी सांगा, पटपट सांगा, तुमच्या घरीबी असं झालं का? तुमच्या आईचा कोनता शब्द फोननं बदलून टाकला, अन् मंग कोनी कोनाले शिकवलं?