घटपर्णीचं झाकण

सहलीचे फोटो एकदा पाहिले की संपतात, किस्स्यांचं तसं नाही. परळीत माझ्या फोटो स्टुडिओत चहा आला की मेघालयच्या ट्रिपमधला एखादा निघतोच, आणि मागच्या वेळी राहून गेलेलं काहीतरी त्यात हमखास सापडतं!

ट्रिपचं कारण आमचे केंद्रे सर. तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी हिरव्या खडूनं फळ्यावर घटपर्णी काढायचे. पानाच्या टोकाला लोंबणारा तांब्या, वर झाकण. "माशी आत पडली की झाकण, खट्!" म्हणत डस्टर टेबलावर आपटायचे. खरी घटपर्णी मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

रिटायर झाले आणि म्हणाले, "ते खट् मला फोटोत पायजे." मग सर, मी आणि सलीमभाई निघालो. सलीमभाई मोटारसायकल मेकॅनिक. आम्ही दोघंही सरांचेच विद्यार्थी.

*

निघताना सरांना शंका आली. "थंड मुलूख हाय. तिथं माशाच नसल्या तर?"

सलीमभाईच्या भावाचा फळांचा गाडा आहे. तिथून बरणीभर माशा धरल्या, झाकणाला भोकं पाडली आणि बरणी सरांच्या मांडीवर!

गाडीत पाटोद्याचे एक काका समोर होते. "कावून चाललात एवढ्या लांब?"

"माशा खाणारं झाड बघायला."

काकांनी बरणीकडे पाहिलं. "आन या?"

"त्याच्यासाठीच."

"म्हंजे पाहुण्याच्या घरी डबा घेऊन चाललात!"

*

गुवाहाटी यायच्या आधीच सगळ्या माशा मेल्या. सरांनी बरणी दोनदा हलवून पाहिली. मला खरंच वाईट वाटलं. सलीमभाई म्हणाला, "सर, आपल्यालाच हा प्रवास सोसंना, त्या तर माशा!"

*

गाडीतच सलीमभाईनं जुनी गोष्ट काढली. नववीत त्यानं विचारलं होतं, "सर, झाकण मिटतं तर स्प्रिंग कुठं असती?" वर्ग हसला. सरांना वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. अख्खा तास त्याला वर्गाबाहेर उभं केलं!

"मला खरंच इचारायचं होतं हो," सलीमभाई हसत म्हणाला.

सरांना काही आठवेना. "मी? तुला?" एवढंच म्हणाले.

*

जयंतिया टेकड्यांत ज्यांच्या घरी उतरलो त्या बाईंना सगळे काँग म्हणत, म्हणजे ताई. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच आम्हाला उतारावर नेलं. झुडपांत, अगदी पायाशी, तांबूस हिरवे तांबे लोंबत होते. सर गुडघ्यावर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी लग्नं शूट करणारा माणूस. सवयीनं घटपर्णीलाच बोलून गेलो, "जरा मान वर... हां, बास!"

"बे, नवरी हाय का ती?" सलीमभाई ओरडला.

*

मग एका तांब्यावर कॅमेरा लावला आणि वाट बघत बसलो. सर कुणाला खोकूही देईनात.

एक माशी आली. काठावर बसली, घसरली आणि आत! मी बटण दाबून धरलं. झाकण जागच्या जागी. दुसरी पडली, तरी तेच.

"पोट भरलं असंल," सर म्हणाले. दुसरा तांब्या निवडला. तिथं मुंगी पडली. झाकण ढिम्म.

सलीमभाई पालथा झोपून झाकणाचं मूळ बघत होता. इतकी वर्षं त्याला हेच बघायचं होतं. "सर, मुडपायला जागाच न्हाई हो हितं."

काँग मागं बसून सुपारी खात होत्या. त्यांना आमचा बेत आत्ता उमगला. "ये बंद नहीं होता," त्या हसून म्हणाल्या. "ये छाता है. बारिश का पानी अंदर नहीं जाता."

सरांनी एका बोटानं झाकण हलकेच दाबून पाहिलं. मग उठून परतीच्या वाटेला लागले.

घरी आलो, बूट काढले, काँगनी बिनदुधाचा लाल चहा ठेवला. सलीमभाईनं बिस्किटाचा पुडा फोडला. सर मात्र दाराबाहेर, भिंतीला पाठ लावून सरळ उभे.

"सर, आत या की. चहा गार होतोय."

सर हलले नाहीत. मला वाटलं, फोटो हुकला म्हणून रुसले. सलीमभाई उठून दारापर्यंत गेला. "सर, तब्येत बरी हाय ना? चला आत."

सरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"तू बस, सलीम. तास पस्तीस मिनिटांचा असतो."