याडीच्या गाण्यांच्या तीन प्रती

"पिशवी उघड."

अध्यक्ष खुर्चीवरून उठलेसुद्धा न्हाईत. बसल्या जागेवरून म्हणले. वाचनालयात दहा-बारा माणसं पेपर वाचत बसली होती. सगळ्यांचे पेपर खाली आले.

मी म्हणलं, "काहून?"

"काहून म्हणून मलाच विचारती? उघड म्हणलं की उघडायची."

मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. सगळ्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याजवळ. अन् माझीच झडती. मी पिशवी टेबलावर पालथी केली. डबा पडला, पाण्याची बाटली पडली, मोबाइलचा चार्जर पडला. अन् एक झेरॉक्स प्रत, स्पायरल बाइंडिंग केलेली. अध्यक्षांनी ती दोन बोटांत धरून उचलली अन् सगळ्यांना दाखवली.

"बघा. सरांचं पुस्तक झेरॉक्स मारून विकून राहिली ही. तांड्यावरची हाय ना. हाताची सवय जात न्हाई."

कोणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं, मी चार शिव्या तरी हासडल्या असत्या. ते नुसत्या माना हलवत होते. बराबर, बराबर. रोज मला "मॅडम, पेपर द्या" म्हणणारी माणसं. त्यातल्या एकानं तर आपला मोबाइल उचलून खिशात घातला.

अन् अध्यक्षांच्या बाजूच्या खुर्चीवर सर बसले होते. माझे सर. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

आता हे सर कोण, ते सांगते.

आमचा तांडा सेनगाव तालुक्यात. गोरेगावातून जीपनं यायचं, मग फाट्यावरून पायी. मी नऊ-दहा वर्षांची असताना सर पहिल्यांदा तांड्यावर आले. कॉलेजात मराठी शिकवायचे. खांद्याला टेपरेकॉर्डर. नायकाला विचारलं, इथं ढावलो कोणाला येतो? नायकानं आमच्या घराकडं बोट केलं.

ढावलो म्हणजे आमच्या नवरीचं रडगाणं. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडती अन् गाती. बापाच्या गळ्यात पडून वेगळं, भावाच्या गळ्यात पडून वेगळं. ते असंच येत न्हाई. लग्न ठरलं की जाणत्या बाया नवरीला पुढ्यात बसवून शिकवतात. आमच्या भागातल्या चार-पाच तांड्यांच्या नवऱ्या माझ्या याडीकडं शिकायला यायच्या. याडी म्हणजे आई. माझी आई कधी शाळेत गेली न्हाई, पण ढावलो म्हणावा तर तिनंच.

सरांना ती न्हाई म्हणली. साफ न्हाई. घरात नवरी नसताना ढावलो म्हणायचा न्हाई, हा तिचा नेम. बिनलग्नाचं रडणं घरात घ्यायचं न्हाई. सर आठ दिवस येत राहिले. आमच्या घरची भाकर खाल्ली, ओट्यावर बसले. म्हणले, "माय, तुम्ही गेल्यावर तुमच्या लेकींना कोण शिकवणार? हे पुस्तक माझं नाही, तुमच्या तांड्याचं आहे."

याडी पघळली. पण नेम तर मोडायचा न्हाई. मग तिनं तोड काढली. मला हाक मारली, आपली ओढणी माझ्या डोक्यावरून टाकली अन् पुढ्यात बसवलं. नवरी म्हणून. तीन दिवस मी खोटी नवरी होऊन बसले, अन् याडी खरंखुरं रडत गात राहिली. कॅसेट भरली की सर पालटायचे. याडी तेवढ्यात पदरानं डोळे पुसायची. मला तर वाटायचं, मला आता खरंच कुठं पाठवून देतात की काय.

पुस्तक निघालं. जाडजूड, गुळगुळीत. कव्हरवर सरांचं नाव. आत पानोपानी याडीचा ढावलो, अन् खाली मराठी अर्थ. याडीचं नाव कुठंच न्हाई. प्रस्तावनेत एकच ओळ: एका निरक्षर लमाण स्त्रीकडून ही गीते मिळाली. ज्याच्या हाती ससा तो पारधी. पण तेव्हा आमाला काही वाटलं न्हाई, खरं सांगते. सरांनी याडीला साडी नेसवली, सत्कार केला. याडीनं ते पुस्तक देवाजवळ ठेवलं. वाचता कोणाला येत होतं!

पुढं मी शिकले. सरांनीच शिकवलं म्हणलं तरी चालंल. "लेक आहेस माझी," म्हणायचे. बाजाराच्या गावच्या वाचनालयात मला शिपाई म्हणून त्यांनीच चिकटवलं. झाडलोट करता करता मी ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग केला. दर रविवारी हिंगोलीला. तिथं एक तास घ्यायला सरच यायचे. कॉपीराइट कायद्यावर त्यांनी खडूनं फळ्यावर लिहिलेलं मला आजही दिसतं. पुस्तक विक्रीला कुठंच मिळत नसंल, वाचनालय सार्वजनिक असंल, नफ्यासाठी चालत नसंल, तर ग्रंथपाल वाचनालयाच्या वापरासाठी त्याच्या प्रती काढू शकतो. जास्तीत जास्त तीन. 'तीन'च्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या. वर्ग पास झाले अन् मी ग्रंथपाल झाले. त्या दिवशी मी आधी सरांच्या पाया पडले, मग याडीच्या.

याडी गेली. घरातलं पुस्तक पावसात भिजून गेलं होतं. वाचनालयात एकच प्रत उरली, तिला वाळवी लागली. पानं हातात घेतली की भुगा. मी नांदेडपर्यंत फोन केले, दुकानदार म्हणले, ते पुस्तक छापायचं कधीच बंद झालं. अन् इकडं माझ्या चुलतभावाच्या पोरीचं लग्न निघालं. पोरगी बारावी झालेली, डीजेवर नाचणारी. मी तिची फुई, म्हणजे आत्या. तीच मला म्हणली, "फुई, मला आजीचा ढावलो म्हणायचाय. शिकवायला आता कोण हाय?"

कोणी नव्हतं. होतं ते त्या वाळवी लागलेल्या पानांत.

मी सरांना फोन लावला. विचारल्याबिगर एक पान काढलं न्हाई मी. म्हणलं, "सर, पुस्तक बाजारात मिळंना. आपली प्रत संपून राहिली. तीन काढू का?"

सर हसले. "अगं, मीच शिकवलंय ना तुला? विचारतेस काय, काढ."

काढल्या. एकेक पान काचेवर जपून ठेवून काढल्या. अन् मग मी सगळं रीतसर कागदावर आणलं. तिन्ही प्रती दाखल नोंदवहीत चढवल्या, नंबर टाकले. शेऱ्यात लिहिलं: मूळ प्रत जीर्ण, पुस्तक विक्रीस उपलब्ध नाही, ग्रंथपालाने तीन झेरॉक्स प्रती काढल्या. खाली सही. प्रत्येक प्रतीवर वाचनालयाचा गोल शिक्का. आतल्या पानावर मात्र मी एक ओळ पेनानं लिहिली. गाणारीचं नाव. याडीचं पूर्ण नाव, बापासकट, तांड्यासकट.

आता त्या दिवसाची सकाळ ऐका.

सर सकाळीच वाचनालयात आले. मला आनंद झाला. मी चहा आणला. त्यांनी विचारलं, "त्या प्रती काढल्यास का गं? कुठे ठेवल्यास?" मी कौतुकानं नोंदवही उघडून दाखवली. कपाटातल्या दोन दाखवल्या. सरांनी आतली ओळ वाचली, दुसरी प्रत उघडून तिच्यातलीही वाचली. म्हणले, "आणि तिसरी?"

मी म्हणलं, "भावाच्या पोरीला सभासद करून तिच्या नावावर दिली सर. आज जाताना नेते. माझ्या पिशवीत हाय."

माझ्या पिशवीत हाय, हे साऱ्या दुनियेत फक्त सरांना ठाऊक होतं.

दुपारी अध्यक्ष म्हणले, पिशवी उघड.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी पाह्यलं. अध्यक्षाचं मला काही न्हाई. दोनशे एकराचा मालक, त्याचं तोंड मला ठाऊक होतं. त्याच्या वाड्यावर आमच्या लोकांना अजून वेगळ्या कपात चहा येतो. त्याच्याकडून मी दुसरं काही धरलंच नव्हतं. पण सर? ज्यांनी आमच्या घरची भाकर मोडली ते सर?

मी टेबलावरचा डबा उचलत विचारलं, "सर, तुमी सांगा ना यांना. तुमीच काढ म्हणले न्हाई का?"

सर म्हणले, "मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. आलं ते आलं, लपवत न्हाई. अध्यक्षांना वाटलं, बाई घाबरली. त्यांनी एक कागद पुढं सरकवला. माफीनामा. "सही कर अन् विषय मिटव. सरांचं मन मोठं हाय, पोलिसात न्हाई गेले."

अक्षर सरांचं होतं. मोत्यासारखं. मी वाचला. 'मी, वाचनालयातील शिपाई, कोणाच्याही परवानगीवाचून सदर पुस्तकाच्या प्रती काढल्या. ही चोरी असून मला पश्चात्ताप होत आहे. सर्व प्रती मी स्वहस्ते नष्ट करीत आहे.'

मी दुसऱ्यांदा वाचला. शिपाई?

मी चार वर्षांपासून ग्रंथपाल हाय. सरांना ते ठाऊक हाय, पेढा त्यांनी खाल्लाय. मग शिपाई कसं लिहिलं? चुकून? सर चुकून स्वल्पविरामसुद्धा टाकत न्हाईत.

अन् मग डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रती काढायचा हक्क ग्रंथपालाचा. शिपायाचा न्हाई. ग्रंथपालानं काढल्या तर कायदा, शिपायानं काढल्या तर चोरी. सरांनी मला एका शब्दात खाली ढकललं होतं, झाडूपाशी. मला शिकवलेला कायदा त्यांनी माझ्याच विरोधात बसवला होता, अन् वरून माझ्या सहीनं.

माझं रडू तिथंच थांबलं. राग आला. असा राग मला आधी कधी आला नव्हता.

मी कपाटातून दाखल नोंदवही काढली, टेबलावर आपटली. म्हणलं, "वाचा. चोर कधी चोरीची नोंद करून सही मारतो का? शिक्का मारतो का? अन् सर, फळ्यावर तीनच्या खाली दोन रेघा कोणी मारल्या होत्या?"

सर पहिल्यांदा माझ्याकडं वळले. अगदी हळू म्हणले, "कायदा वर्गात सांगतात तितका सोपा नसतो बाळ. पुण्याचा मोठा प्रकाशक नवी आवृत्ती काढतोय. कुठेही दुसऱ्या प्रती फिरत नाहीत, असं मी लिहून दिलंय. शिवाय तू ती आत ओळ लिहिलीस. उद्या कोणी उठून हक्क सांगेल."

म्हणजे त्यांचं दुखणं तीन प्रतींचं नव्हतंच. याडीच्या नावाचं होतं.

मी म्हणलं, "आवृत्ती निघंल तेव्हा निघंल. आज पुस्तक विक्रीला न्हाई. मी ग्रंथपाल हाय. प्रती तीन हायत, चौथी न्हाई. मी सही करत न्हाई."

अध्यक्ष ओरडले, "उद्यापासून यायचं न्हाई!"

"लेखी द्या," मी म्हणलं. "कारण लिहा. खाली सही करा. माझी तर तुमी फुकटात मागून राहिलात, आता तुमची द्या."

दिली न्हाई. आजवर दिली न्हाई, म्हणून मी कामावर जातेच. मी त्यांच्या हातातून प्रत काढून घेतली. माणसं अजून बसूनच होती. मी सगळ्यांच्या देखत पिशवी भरली, अन् फाट्याची जीप धरली. जीपमध्ये मी पिशवी छातीशी धरून बसले. शेजारची बाई म्हणली, सोनं हाय का? मी म्हणलं, व्हय.

पोरगी शिकली. पुस्तकात बघून, अडखळत, चुकत शिकली. लग्नात बापाच्या गळ्यात पडून तिनं ढावलो म्हणला, तेव्हा म्हाताऱ्या बाया मोठ्यानं रडल्या. मी रडले न्हाई. माझ्या मनात एकच होतं, हे पान अध्यक्षानं फाडलं असतं तर?

परवा सरांचा फोन आला. आवाज पुन्हा गोड. "लेक आहेस माझी. नव्या आवृत्तीत आभारात आईचं नाव टाकतो. तेवढ्या तीन प्रती फाडून टाक. आपसात मिटवू."

तीस वर्षांपूर्वी कोणी हे म्हणलं असतं तर याडीनं त्यांचे पाय धरले असते. मी न्हाई धरत. मी म्हणलं, "सर, आभार मदत करणाऱ्याचे मानतात. माझ्या आईनं तुमाला मदत न्हाई केली, तुमी तिचं गाणं लिहून घेतलं. तिचं नाव कव्हरवर पाहिजे. तुमच्या नावाच्या आधी. अन् मला लेक म्हणू नका."

फोन त्यांनी ठेवला.

पोरीनं तिची प्रत परत केली, आता तिन्ही प्रती वाचनालयात हायत. रोज सकाळी मी आधी त्या मोजते, मग पेपर लावते. ज्याला पाहिजे त्यानं यावं, सभासद व्हावं, सही करावी, घरी न्यावं. सरांनासुद्धा देईन, सात दिवसांसाठी. दर रविवारी आता मी मोबाइल घेऊन दुसऱ्या तांड्यांवर जाते. म्हाताऱ्या बायांपुढं बसते. गाणं नंतर, आधी नाव विचारते. बापाचं, तांड्याचं, सगळं. त्या म्हणतात, "नाव काहून पाहिजे बाई, गाणं घे ना."

मी म्हणते, नाव सांगितल्याबिगर मी एक ओळ घेणार न्हाई.