तिघांसाठी थांबा

ज्या देशात रेल्वेचा एक रूळसुद्धा नाही, त्या देशात बसून आम्ही तिघांनी युरोपभर रेल्वेने हिंडायचा बेत केला. ओमानमध्ये गाड्या म्हणजे टॅक्सी. रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, हात करायचा, नारिंगी-पांढरी टॅक्सी थांबते. उतरायचं तिथे ‘बस, इथे’ म्हणायचं, पुन्हा थांबते. अशा थांबण्याची सवय झालेली आम्ही माणसं.

मी मस्कतजवळच्या गालाला, गॅरेजांच्या गर्दीतल्या एका स्पेअर पार्टच्या कंपनीत अकाउंटंट. बी.कॉम. आमच्या घरातला पहिला पदवीधर, हे मी विचारल्याशिवायही सांगतो. बाकीचे दोघे शुक्रवारच्या क्रिकेटमधले. एक सहम गावात, शेतीच्या पंपांच्या दुकानात. तो मूळ मालवणकडचा, तोंडाने फटकळ. दुसरा सूर बंदरात, मासळीच्या कंपनीत, तिथल्या बर्फाच्या कारखान्याचा सुपरवायझर. तो श्रीवर्धनकडचा मुसलमान, पाच वेळा नमाज पढणारा आणि सहा वेळा चहा पिणारा. आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतच नसू. मी गालावाला, तो सहमवाला, तो सूरवाला.

“बर्फ बघायला जायचं म्हणून मला घेऊन चाललायत?” सूरवाला म्हणाला होता. “अरे, मी रोज टनाने बर्फ पाडतो. सूरला या, फुकटात दाखवतो.”

“तुझ्या बर्फाक पापलेटाचो वास येता, मेल्या,” सहमवाला म्हणाला. बेत पक्का झाला.

रजा मागायला मी अर्बाबकडे, म्हणजे आमच्या ओमानी मालकाकडे गेलो. त्याने ऐकलं, चष्मा काढला आणि आपल्या हिंदीत विचारलं, “तुम इंडिया का आदमी. इंडिया में ट्रेन खलास हो गया?” मग हसला आणि म्हणाला, “इन्शाल्ला.” या शब्दाचा अर्थ ‘हो’ की ‘नाही’, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. अर्थ ‘हो’ निघाला.

गावी फोन केला तेव्हा मात्र एक कामगिरी अंगावर आली.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. रेल्वे आली तेव्हा आमची आंब्याची कलमं रुळाखाली गेली आणि पुढे मी बी.कॉम. झालो, या दोन गोष्टी आमच्या घरात एका दमात सांगतात. गावाला स्टेशन मिळालं, पण तिथे एक पॅसेंजर तेवढी थांबते. एक्स्प्रेस कधी क्रॉसिंगसाठी उभी राहते, लोक टकामका बघतात, पण तो ‘थांबा’ नव्हे. उतरलात तर दंड. एका तरी एक्स्प्रेसला दोन मिनिटांचा थांबा मिळावा म्हणून बाबा आणि त्यांची समिती वर्षानुवर्षं रत्नागिरीला खेटे घालत होती. बाबांना गावात ‘थांबावाले’च म्हणत. कोणी कौतुकाने, कोणी टिंगलीने. टिंगल करणाऱ्यांत पुढे होते एक काका, मुंबईत नोकरी करून रिटायर होऊन गावी आलेले. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर रोज ते बाबांना ऐकवायचे, “अहो, पुढारलेल्या देशांत गाड्या पळतात, थांबत नाहीत. चार घरांसाठी थांबा मागणं हे मागासलेपणाचं लक्षण.” बाबा चौथी शिकलेले. काकांपुढे त्यांना शब्द सुचायचा नाही.

म्हणून बाबा फोनवर म्हणाले, “तू जातोयस ना तकडं? मग येक काम कर. ल्हान गाव बग. आपल्यापेक्षा ल्हान. तिथं गाडी थांबते का बग. आनि न्हाय थांबली तर न्हाय म्हन. बापासाठी खोटं बोलू नको.”

मी हो म्हटलं. सहज म्हटलं.

साल दोन हजार पंधरा, जानेवारी. पाठीवर पिशव्या घेऊन आम्ही जे सुटलो ते सुटलोच. व्हिएन्नाच्या स्टेशनात पहिल्यांदा फलाटावर उभे राहिलो तेव्हा मला शाळेच्या सहलीसारखं झालं होतं. गाडी येते, दार आपोआप उघडतं, आत ऊब, बाहेर धुकं, आणि सीटवर आपण! मी खिडकी सोडायला तयार नव्हतो. सूरवाल्याने प्रत्येक स्टेशनवर “यल्ला, यल्ला!” ओरडून आम्हाला पळवायचं काम घेतलं होतं. सहमवाल्याने पिशवीत सुका जवळा आणला होता. गाडीतल्या हीटरने तो असा काही दरवळला की प्रागच्या वाटेवर आमच्यासमोरचं जोडपं उठून दुसऱ्या डब्यात गेलं. “चला, पाय पसरूक जागा झाली,” सहमवाला म्हणाला आणि खरोखर पाय पसरले.

पण दोन गोष्टी हाताला लागत नव्हत्या. एक बर्फ. शहरांत नुसता पाऊस आणि काळा चिखल. बर्फ दिसायचा तो लांब, डोंगरावर. आणि दुसरी बाबांची कामगिरी. आमच्या गाड्या मोठ्या शहरातून मोठ्या शहरात. मधली लहान स्टेशनं खिडकीतून सपासप मागे जात. प्रत्येक वेळी मला टपरीवरचे काका दिसत, आणि ते बरोबर निघत.

स्वित्झर्लंडमध्ये शेवटचा मोकळा दिवस उरला. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. मी आदल्या संध्याकाळी नकाशा पसरून सगळ्यात बारीक ठिपका शोधला. डोंगरातली छोटी लाईन, वर चढत जाणारी, आणि त्यावर एक गाव. हॉस्टेलच्या बाईला विचारलं, तिथे किती घरं आहेत? तिने बोटांवर मोजलं आणि म्हणाली, “गायी धरून?”

“हाच,” मी म्हटलं. “उद्या इथेच उतरायचं.”

सकाळी लाल रंगाची छोटी गाडी निघाली आणि थोड्याच वेळात बाहेर सगळं पांढरं झालं. झाडं पांढरी, छपरं पांढरी, कुंपणाच्या प्रत्येक खुंटावर पांढरी टोपी. गाडी वळणं घेत चढत होती आणि वळणावर खिडकीतून आपलंच इंजिन दिसत होतं. सूरवाला काचेला नाक लावून गप्प बसला होता. माणूस सहा दिवसांत पहिल्यांदा गप्प.

आमचं गाव जवळ आलं. स्पीकरवर जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण तिथे त्याचा उपयोग नव्हता. आम्ही पिशव्या चढवून दाराशी उभे राहिलो. दाराशेजारी एक बटण होतं. सहमवाल्याने बोट पुढे केलं तसा सूरवाला खेकसला, “हात लावू नको! साखळी असेल ती. जेलमध्ये जायचंय?”

त्याचं बरोबरच होतं. आम्हा तिघांनाही लहानपणापासून एकच शिकवण. गाडीत ओढायच्या-दाबायच्या कुठल्याही गोष्टीला हात लावायचा नाही. साखळी ओढली की दंड आणि तुरुंग. आणि गाडी थांबायची असेल तर ती थांबतेच, आपल्या म्हणण्याने थोडीच थांबते?

गाडी थांबली नाही. वेगसुद्धा कमी केला नाही. एक लाकडी खोपटं, एक बाक, एक पाटी आली आणि गेली.

“गेला ना स्टेशन!” सहमवाला ओरडला. “थांबाक नाय ती!”

माझ्या डोळ्यांपुढे बाबा होते, टपरीच्या बाकावर, आणि समोर काका चहाची बशी धरून. आता फोन करून सांगायचं की बाबा, इथेही थांबत नाही. काका बरोबर, तुम्ही चूक. खोटं बोलू नको म्हणाले होते.

कुत्रा घेऊन बसलेली एक बाई आमच्याकडे बघत होती. तिने इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला इथे उतरायचं होतं?”

“हो.”

“मग दाबलं का नाही?”

“काय दाबलं?”

तिने तेच बटण दाखवलं. इथे लहान स्टेशनांवर कोणी दाबलं तरच गाडी थांबते, म्हणाली. फलाटावरही असंच बटण असतं, चढणाऱ्यांसाठी. मी विचारलं, किती माणसं लागतात? तिला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं, गाडी थांबवायला किमान किती माणसं?

“एक,” ती म्हणाली. “दाबायला बोट तर एकच लागतं.”

मी सूरवाल्याकडे बघितलं. सूरवाल्याने वर छताकडे बघितलं आणि म्हणाला, “या अल्ला.”

पुढच्या स्टेशनला उतरलो. ते चांगलं मोठं, तिथे गाडी आपणहून थांबते. उलट दिशेच्या गाडीची वाट बघताना आमच्यात भांडण सुरू झालं, बटण कोणी दाबायचं. सूरवाल्याला मताधिकार नाही असं सहमवाल्याने जाहीर केलं. शेवटी दोघांनी मला पुढे केलं, “तुझ्या बापाचा थांबा, तू दाब.”

गाडीत बसलो. माझं बोट बटणापासून हलत नव्हतं. वळण आलं, देवदारांची राई आली, आणि मी दाबलं. दारावर एक छोटा दिवा लागला. बस, एवढंच. ना कोणी धावत आलं, ना कोणी ओरडलं. आणि ती अख्खी लाल गाडी, तिच्यातली सगळी माणसं, स्कीवाले, कुत्री, हळूहळू मंद झाली आणि त्या लाकडी खोपटासमोर उभी राहिली. कोकणातल्या तीन माणसांसाठी!

आम्ही उतरलो आणि पाय घोट्याच्या वर रुतले. गाडी गेली. मग जे झालं ते सांगताना मला आजही हसू येतं. आमचा बर्फाच्या कारखान्याचा सुपरवायझर पाठीवरच्या पिशवीसकट आडवा झाला. “हा मऊ आहे रे!” तो ओरडत होता. “मऊ बर्फ! अरे, माझा तर कुऱ्हाडीने फोडावा लागतो!” सहमवाल्याने त्याच्या तोंडावर ओंजळभर टाकला. सूरवाला तोंडातला बर्फ चघळत म्हणाला, “मिठाशिवाय आहे.” गाव म्हणजे खरंच पाच-सहा घरं, एक गोठा, एक चिमुकलं देऊळ त्यांचं. आमची वाडी त्यापुढे शहर.

मी फोन लावला. आमच्याकडे दुपार, गावी संध्याकाळ. बाबा टपरीवर असणार, तसे होतेच.

“बाबा, थांबली!”

“काय थांबली?”

“गाडी! पाच घरांच्या गावात. आम्ही तिघेच उतरलो. बटण दाबलं की थांबते.”

“बटन? कुनी दाबलं?”

“मी.”

पलीकडे बाबा दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने सांगत होते, “ऐकलंत का? पोरगा उतरला. त्यानं गाडी थांबवली.” आणि मग काकांचा आवाज, “फोनवर काय, कोणीही काहीही सांगेल. सिग्नल मिळाला नसेल म्हणून थांबली असेल. तुमचा मुलगा तुमच्यासारखाच.”

माझी कानशिलं तापली, त्या थंडीत. “बाबा, स्पीकर चालू करा,” मी म्हटलं. “फोन ठेवू नका. आता परतीची गाडी येते. तीही थांबवून दाखवतो.”

फलाटावरच्या खांबाला बटण होतं. मी दाबलं. पुन्हा एक दिवा लागला. सहमवाला कुजबुजला, “नाय थांबली तर?”

“इन्शाल्ला थांबेल,” सूरवाला म्हणाला.

“हय तरी इन्शाल्ला म्हणू नको रे!”

टपरीवर कपबशी वाजली तरी मला फोनमधून ऐकू येत होती. लांबून शिट्टी आली. मग बोगद्याच्या तोंडातून लाल नाक बाहेर पडलं, बाजूंनी बर्फ उडवत. वेगात होती. फार वेगात वाटली. मी फोन हात लांब करून रुळाच्या दिशेने धरला. सूरवाल्याने न राहवून टॅक्सीला करतात तसा हात केला. सहमवाल्यानेही केला. आणि ब्रेकचा तो लांबलचक करकर आवाज सुरू झाला, आणि गाडी आमच्यासमोर येऊन उभी राहिली, दार उघडून.

“हाच का तो आवाज?” बाबांनी विचारलं.

“हाच.”

टपरीवर एकच गलका झाला. कोणीतरी शिट्टी मारली. गलक्यातून काकांचा आवाज आला, थोडा पडलेला, पण हार न मानणारा, “बरं, बरं. पण किती मिनिटांचा थांबा आहे ते विचारा.”

“हां,” बाबा म्हणाले. “आमी दोन मिनटं मागतोय. तकडं किती थांबते रं?”

मी पायरीवर एक पाय ठेवून मागे बघितलं. सूरवाल्याची पिशवी बर्फात राहिली होती. तो ती उपसून काढत होता, सहमवाला त्याला शिव्या देत होता, आणि दाराशी उभा असलेला गार्ड हसत होता, हात मागे बांधून.

“बाबा,” मी म्हटलं, “आम्ही चढेपर्यंत.”