सील शाबूत

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारे माणूस आता कोणी उरले नव्हते. तळघरातल्या किरणोत्सारी द्रव्यांच्या कोठाराची किल्ली एकतीस वर्षे त्यांच्या कमरेला होती. सुटीच्या दिवशीही ते एकदा येऊन कुलूप ओढून बघत. म्हणून सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. शिपाई म्हणायचा, "काका वर गेले ना, तर तिथल्या दाराचंही कुलूप आधी दोनदा ओढतील, मग आत शिरतील." काकांना यात हसण्यासारखे काही दिसत नसे. कुलूप ओढून पाहिल्याखेरीज ते लागले आहे हे माणसाला कळणार तरी कसे, असा त्यांचा साधा प्रश्न असे.

कोठार म्हणजे जाड काँक्रीटची, खिडकी नसलेली एक खोली. जमिनीत नऊ खळगे, प्रत्येक खळग्यात एक डबा, डब्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक. आठ डब्यांत प्रयोगांसाठी लागणारी निरनिराळी किरणोत्सारी द्रव्ये होती. सातव्यात प्लुटोनियम होते, बेरिलियममध्ये मिसळून पोलादी नळकांडीत बंद केलेले, अंगठ्याएवढे. त्यातून न्यूट्रॉन बाहेर पडत. या अंगठ्याएवढ्या वस्तूपायी विभागाला अणुद्रव्याचा वेगळा परवाना घ्यावा लागे, आणि त्या परवान्यावर 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांपुढे काकांची सही असे.

डबा विनाकारण उघडायचा नाही, हा पहिला नियम. जितक्या वेळा उघडाल तितके किरण अंगावर घ्याल. म्हणून झाकणाच्या सांध्यावर लाखेचे सील लावून ठेवीत. दर तीन महिन्यांनी काका बॅटरीच्या उजेडात नऊही सिले निरखीत आणि नोंदवहीत प्रत्येकापुढे सुवाच्य अक्षरात लिहीत : सील शाबूत. या दोन शब्दांवर काकांची झोप अवलंबून होती, असे म्हटले तरी चालेल.

त्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाच्या पत्रात एक नवे कलम आले. नुसते सील पाहून भागणार नव्हते. सात नंबरच्या डब्यातून न्यूट्रॉन येतात की नाही, हे मीटर लावून दाखवायचे होते. विभागातला नेहमीचा मीटर न्यूट्रॉनच्या बाबतीत बहिरा, आणि शेजारच्या आठ डब्यांमुळे तो त्या खोलीत सदा कटकटतच असे. तेव्हा नियामक मंडळाने खास मीटर तपासणीच्या आदल्या दिवशी पाठवून दिला. काकांच्या स्वभावाला अनुसरून त्यांनी दुसऱ्या दिवशीची तालीम त्याच सकाळी घ्यायचे ठरविले.

त्यांनी मीटर सात नंबरच्या डब्यावर धरला. काटा हलला नाही.

त्यांनी बॅटरी बदलून पाहिली. मीटर डाव्या बाजूने धरला, उजव्या बाजूने धरला. काटा जिथल्या तिथे. मग एकतीस वर्षांत जे कधी केले नव्हते ते त्यांनी केले. परवानगी न घेता सील फोडले, लांब दांड्याच्या चिमट्याने झाकण उचलले आणि आरशातून आत पाहिले. मेणात कोरलेला अंगठ्याएवढा खळगा अगदी रिकामा होता.

विभागप्रमुख बाईंच्या खोलीत ते न विचारता शिरले, यावरूनच बाईंनी ओळखले की काहीतरी घडले आहे.

"काका, बसा आधी. चेहरा केवढा पांढरा पडलाय तुमचा!"

"मॅडम, सात नंबर नाही."

"नाही म्हणजे? मीटर बिघडला असेल."

"तसंच वाटलं होतं. म्हणून सील फोडलं. डबा रिकामा आहे."

बाईंनी उठून दार लावले. "उद्या दहाला तपासनीस येतोय, काका. परवाना गेला तर विभागाला टाळं. चाळीस मुलांचं संशोधन अर्धवट. शेवटचा बाहेर कधी काढला होता?"

ते काकांना नोंदवही न उघडताही सांगता आले असते. तरीही त्यांनी ती उघडली. दहा वर्षांपूर्वी, जुन्या न्यूट्रॉन प्रयोगशाळेत, सरांच्या प्रयोगासाठी. सर म्हणजे बाईंचेही गुरू. त्या दुपारी प्रयोगशाळेतच सरांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांना उचलून दवाखान्यात नेले. संध्याकाळी काका तिथे गेले, तेव्हा सात नंबरचा डबा झाकण लावलेला असा टेबलावर होता. सर वस्तू जागच्या जागी ठेवणारे. झाकण लावले आहे म्हणजे आत ठेवलेच असणार. विनासीलचा डबा रात्रभर तसाच राहणार, हे काकांना सोसवेना. त्यांनी डबा खाली नेला, लाख तापवली, सील ठोकले आणि लिहिले : सील शाबूत. त्यानंतर सर कधी बोलू शकले नाहीत; वर्षभराने गेले. काकांनी मात्र तेच दोन शब्द पुढे चाळीस वेळा लिहिले. सील खरोखरच शाबूत होते. आत काय आहे, हे सीलला कधी कोणी विचारलेच नव्हते.

"सरांनी घरी तर नेलं नसेल?" बाईंनी हळूच विचारले.

काकांनी तिथल्या तिथे सरांच्या पत्नींना फोन लावला. "वहिनी, सर त्या दिवशी घरी काही घेऊन आले होते का हो? लहानशी नळकांडी?"

"अहो, घरी कुठले? तिथूनच तर नेलं ना त्यांना," पलीकडून थकलेला आवाज आला. "सकाळी जाताना तेवढं म्हणाले होते, आज टाकीवर बसायचं आहे, जेवायला थांबू नकोस. काय झालं? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, वहिनी," काका म्हणाले. आपण खोटे बोललो, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आले.

टाकी! सर सात नंबर ज्या टाकीत उतरवून प्रयोग करीत, ती मेणाने भरलेली पत्र्याची टाकी; हातभर उंच, मधोमध भोक, भोकावर मेणाचेच बूच. झटका आला तेव्हा सात नंबर डब्यात नव्हता, टाकीत होता. मग ती टाकी गेली कुठे?

जडवस्तूंची, म्हणजे विभागाच्या सामानाची, नोंदवही काढायला काकांना दोन मिनिटे लागली. पान सापडले, ओळ सापडली. अक्षर त्यांचेच होते. प्रयोगशाळा बंद करताना, नऊ वर्षांपूर्वी, त्यांनी लिहिले होते : 'मेणाची टाकी एक, मोकळी. परीक्षा विभागास, खिडकीवरील उंच खुर्चीपुढे पाय टेकण्यासाठी.'

मोकळी! टाकी मोकळी आहे, हे त्यांनी बूच काढून पाहिले नव्हते. सात नंबर डब्यात असल्याचे वहीत लिहिलेले होते; मग टाकी मोकळीच असणार. एका वहीच्या भरवशावर त्यांनी दुसरी वही लिहिली होती.

परीक्षा विभागाच्या त्या खिडकीवर, त्या उंच खुर्चीत, त्यांची धाकटी बहीण बसत असे.

आईवडिलांच्या माघारी तिला काकांनीच वाढवले होते. तिचा नवरा गेला, तेव्हा अर्ज लिहून, इंग्रजीतली चूक स्वतः दुरुस्त करून, ही नोकरी त्यांनीच तिला मिळवून दिली होती. आता घरी ही दोघेच. ती ठेंगणी, लहानपणापासून काका तिला बुटके म्हणत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "दादा, खुर्ची उंच आहे रे, दिवसभर पाय लटकतात. संध्याकाळी सुजून हा एवढा भोपळा होतो." तिच्यासाठी काकांनी ती टाकी शोधून काढली होती. दोन शिपायांकरवी ओढत नेऊन, तिरकी राहू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडीही स्वतः घातली होती.

मीटर हातात घेऊन ते जिना चढले. वाटेत कोणी तरी नमस्कार केला. त्यांना दिसला नाही. परीक्षा विभागाच्या दारातच काटा थरथरला. दोन पावले पुढे टाकली, तसा तो सरळ चढू लागला.

"आलं बाई घड्याळवालं!" बहीण खिडकीतल्या मुलाचा अर्ज बाजूला ठेवून, मीटरच्या काट्याकडे बघत हसली. "दादा, आज आमचीही वेळ तपासणार की काय?"

तिने चपला काढून ठेवल्या होत्या. अनवाणी पाय टाकीच्या बुचावर होते.

"बुटके, खाली उतर."

"अरे, रांग आहे माझी..."

"उतर म्हणतो ना! खोलीबाहेर हो. सगळे बाहेर व्हा. आत्ता."

दादाने जन्मात आवाज चढवला नव्हता. ती उतरली. चपला घालायला वाकली, तसे काकांनी तिचा दंड धरून तिला तशीच बाहेर ओढली. बाहेर ती घाबऱ्या आवाजात विचारत राहिली, "झालं काय? अरे, झालं तरी काय?" आणि एकतीस वर्षे किरणांची मोजमापे मुलांना समजावून सांगणारा माणूस तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिला.

पुढचे काम मात्र त्यांच्या हातांनी बिनचूक केले. खोली रिकामी, दोरी बांधली, टाकी ढकलगाडीवरून तळघरात, चिमट्याने बूच वर. चार वाजता सात नंबर आपल्या डब्यात परत गेला. मीटर धरला, तसा काटा हवा तिथे जाऊन थांबला.

विभागप्रमुख बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मोठा श्वास सोडला. "सापडलं. देवच पावला म्हणायचं. सील लावा, काका."

काकांनी लाखेची कांडी ज्योतीवर धरली.

"आणि वहीत नेहमीसारखंच लिहा," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "वस्तू जागेवर आहे, मीटर दाखवतोय. खोटं काय त्यात? परीक्षा विभागात गॅसचा वास आला म्हणून खोली रिकामी केली, असं मी सांगितलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

लाखेचा एक थेंब जमिनीवर पडला. "मॅडम, तिच्या नऊ वर्षांचं काय?"

"तिला मी चांगल्या डॉक्टरकडे पाठवते. माझी ओळख आहे."

"डॉक्टरला सांगणार काय? गॅसचा वास आला म्हणून?"

बाई उत्तर देणार तोच त्यांच्या मागून बहीण पुढे आली. तिला कोणी तरी सगळे सांगितले असावे. पाय अजून अनवाणीच होते. तिने उंबरा ओलांडला नाही. कोठारात परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही, हे दादाने तिला शिकवले होते.

"दादा, बाई म्हणतात तसं कर," ती म्हणाली. "पाच महिन्यांवर आली तुझी निवृत्ती. उभा जन्म त्या कुलपापायी घालवलास. एका टाकीसाठी नाव घालवणार का आता? मला काही होत नाही. बघ, धडधाकट आहे मी."

काकांनी स्वतःच्या छातीवरचा बिल्ला बोटांत धरला. अंगावर पडलेले किरण मोजणारा तो बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जाई आणि दर वेळी निरंक उत्तर घेऊन परत येई.

"हा माझ्या छातीवर आहे, बुटके. तुझ्या नाही. तुझ्यावर काय पडलं, ते जगात कुठेच लिहिलेलं नाही. मी आज नाही लिहिलं, तर ती नऊ वर्षं झालीच नाहीत असं होईल. उद्या तुला काही झालं, तर मी कोणती वही उघडायची?"

"मला काही होणार नाही म्हणते ना!"

"तेच मी चाळीस वेळा लिहिलंय."

बाई जिना चढून गेल्या. काकांनी ज्योत विझवली. डबा विनासीलचाच ठेवून ते टेबलाशी बसले आणि लिहू लागले. तारीख, वेळ, टाकीचे माप, बुचाची जाडी, खुर्चीची उंची, रोजचे तास, वर्षाचे दिवस. बहिणीच्या रजा त्यांना तोंडपाठ होत्या. त्या त्यांनी काटेकोरपणे वजा केल्या. शेवटच्या ओळीत आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे अक्षर त्यांनाच लागेना. त्यांनी ती ओळ खोडून पुन्हा लिहिली.

दुसऱ्या दिवशी दहाला आलेल्या तपासनीसाने पाच पाने उभ्याउभ्याच वाचली.

"हे तुम्ही दहा वर्षांपूर्वी पाहायला हवं होतं," तो म्हणाला.

"होय," काका म्हणाले.

परवाना त्याच दिवशी स्थगित झाला. कोठाराला मंडळाचे नवे कुलूप लागले आणि कमरेची किल्ली काकांना सोडून द्यावी लागली. चौकशी होईपर्यंत ते घरी. ज्यांचे प्रयोग बंद पडले ती मुले जिन्यावर समोर आली की भिंतीकडे बघत. शिपायाने विनोद करणे सोडून दिले. घरी काका रिकाम्या कमरेवरून हात फिरवीत आणि स्वयंपाकघरात बहिणीच्या हातून भांडे जरी पडले, तरी उठून उभे राहत.

टाकी मांडून मंडळाने मोजमापे केली. आकडा आला, तो भयंकर नव्हता आणि क्षुल्लकही नव्हता. काकांनी दिलेल्या तासांवरूनच तो काढता आला, असे पत्रात एका ओळीत होते. डॉक्टरांनी बहिणीचे रक्त घेतले, हाडांची तपासणी सांगितली, पुन्हा रक्त घेतले. "आज काही दिसत नाही," ते म्हणाले. "दर सहा महिन्यांनी यावं लागेल."

"किती वर्षं?" काकांनी विचारले.

"नेहमीच," डॉक्टर म्हणाले.

बाहेर लोखंडी बाकावर दोघे अहवालाच्या कागदाची वाट पाहत बसली होती. बाक उंच होता. बहिणीचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. टाचांना सूज आली होती. काकांनी सवयीने इकडेतिकडे पाहिले. कोपऱ्यात औषधाचे एक लाकडी खोके उपडे पडले होते. ते उठले, खोक्यापाशी गेले, वाकले. त्यांनी ते उलटे करून आत पाहिले, हात घालून चाचपले, पुन्हा पाहिले. खोके रिकामे होते. तरी त्यांना ते उचलवेना.

"राहू दे, दादा," ती बाकावरून म्हणाली. "लटकू देत."